बावीस पावलांवरचा गोठा

विटांचा मळा, कागल
१५ फेब्रुवारी २००४

प्रिय शिवशरण,

वर्ष होत आलं, मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. तुझी तीन पत्रं आली. तिन्ही वाचली, घडी घालून ट्रंकेत ठेवली आणि थापी उचलून कामाला गेलो. रागावलो होतो. आता राग राहिलेला नाही, कारण ज्यावरून रागावलो ते काम मी तुझ्या मनाविरुद्ध उरकून टाकलंय. आपल्याला हवं तेच करून मोकळा झालेला माणूस किती हलका होतो, हे तुला मी सांगायला नको. तेव्हा नीट टेकून बस. पत्र लांब आहे.

गेल्या जानेवारीत रस्त्याची माणसं फीत घेऊन आली आणि चौपदरी रस्त्याचे दगड रोवून गेली. त्यातला एक दगड नेमका बैलांच्या गोठ्याच्या मधल्या कमानीत बसला. घर वाचलं, म्हशींचा गोठा वाचला, वैरणीची कोठी वाचली, पुढचा एवढा एक गोठा रस्त्यात गेला. पावसाळ्याआधी जागा मोकळी करायची होती. मी त्याच दिवशी तुला कळवलं. तुझं उत्तर आलं चार ओळींचं. ‘पाडून टाक. विटा ज्याला हव्यात त्याला वाट. नव्वद वर्षं उभा होता, पुष्कळ झालं. मला आता त्यात बघायचं काही राहिलेलं नाही.’ पहिल्या तीन गोष्टी मी सोसल्या असत्या. शेवटची लागली. धारवाडची हवा मानवली म्हणून पाच वर्षं तिकडंच राहिलास, ते ठीक. पण त्या गोठ्यात बघायचं काही उरलं नाही, हे तू म्हणावंस?

तू त्या घरात जन्मलास, म्हणून तुला ते कधी दिसलंच नाही. मी गवंडी. मला ते सगळं बाहेरून आधी दिसलं. आपल्या भागात तेव्हा घरं दगडमातीची. तुझ्या आजोबांनी कोल्हापुरात कुठल्याशा साहेबाचा विटांचा बंगला बघितला आणि मळ्यात तसंच घर बांधायचा हट्ट धरला. गावानं वेड्यात काढलं. दूधगंगेच्या काठाला भट्टी लागली. एकोणीसशे नऊ साली सुरू झालेलं काम अकरा साली संपलं. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर दोन फूट जाडीची भिंत, सोप्याला पाच कमानी. हे सगळे वाखाणतात. पण खरी अक्कल गोठ्यांत आहे. वैरणीच्या कोठीला वरच्या अंगाला विटांची जाळी सोडलीय, एक वीट आणि एक भोक, म्हणजे कडब्याला वारा लागतो आणि पाऊस लागत नाही. बैलांच्या गोठ्याची जमीन चालताना सपाट वाटते, पण ती मागं चार बोटं उतरती आहे, मूत आपोआप उकिरड्याकडं जातं. गव्हाणीच्या कडेच्या विटा भट्टीत घालण्याआधीच गोल करून घेतल्यात, बैलाची मान घासू नये म्हणून. बैलाच्या मानेचा विचार करून वीट पाडणारी माणसं होती ती. ती माणसं म्हणजे माझे आजोबा-आजी. तुझ्या आजोबांचं घर खरं, पण माती त्यांनी मळली, विटा त्यांनी पाडल्या.

आणि दुसरं कारण तर तुलाही माहीत आहे, आपण कधी बोललो नाही एवढंच. घराच्या सोप्यावर मला मज्जाव होता. गोठ्यात नव्हता. जनावरांना विटाळ होत नाही, म्हणून असेल. शाळेतून आलो की तू घरातून भाकरी-चटणी लपवून आणायचास आणि आपण गोठ्याच्या चौथ्या कमानीखाली बसून एकाच फडक्यातून खायचो. माझी मुळाक्षरं शाळेत कमी आणि त्या गव्हाणीवर कोळशानं जास्त झाली. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला आणि मी वरून ओतलेलं पाणी प्यायचं सोडलं. त्याच्या पुढच्याच वर्षी तू मला हाताला धरून पुढच्या दारानं माजघरात नेलंस. तुझे वडील आठ दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. पण त्या आधीची दहा वर्षं आपल्या दोघांना मिळून बसायला या मुलखात एकच छप्पर होतं. ते पाडून विटा वाटून टाकू म्हणतोस.

तर मी ठरवलं, गोठा पाडायचा नाही, हलवायचा.

हिराक्का तुझी थोरली बहीण, पण हुकमत माझ्यावरही तितकीच. तिला सांगितलं तेव्हा ती शेंगा फोडत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली की ऊन लागलं असेल, आत येऊन ताक पी. दुसऱ्या दिवशी परत सांगितलं. तेव्हा तिनं विचारलं की गोठा काय म्हैस आहे, दावं सोडून पलीकडं बांधायला? तिसऱ्या दिवशी मी माझ्या पोरीला, निशाला, बरोबर नेलं. आमची निशा आता पंचतारांकित एमआयडीसीत कारखान्यांच्या इमारतींचं काम बघते, रविवारची सुट्टी असते. तिनं गोठ्याचे फोटो काढले, मापं घेतली आणि चुलीपुढं कागद पसरून अक्काला समजावलं. तिथं सिमेंट असतं तर एक वीट अखंड निघाली नसती. पण जुना चुना विटेला धरून ठेवतो आणि हळू सांगितलं तर सोडतोही. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की जेवायला माणसं किती असतील. तेव्हा मी समजलो, काम सुरू झालं.

फेब्रुवारीत कौलं उतरवली. लाकडाचं काम गारगोटीच्या केरबा सुताराकडं दिलं. वय सत्तर, ऐकायला कमी येतं, आणि ऐकायची इच्छा त्याहून कमी. निशानं प्रत्येक वाशावर खडूनं आकडे घातले होते. केरबानं ते बघितले आणि आपल्या पटाशीनं शेजारी स्वतःच्या खुणा कोरल्या. एक रेघ, दोन रेघा, फुली, कोंबड्याचा पाय. दोघांचं आठ दिवस जमेना. मग एक अवकाळी पाऊस असा आला की निशाचे निम्मे आकडे धुऊन गेले आणि तिचा नकाशा म्हशीनं चघळला. दुसऱ्या दिवसापासून निशा वहीत कोंबड्याचे पाय काढायला शिकली. केरबानं दुपारी आपल्या डब्यातला लाडू तिच्यापुढं सरकवला.

विटा आम्ही थराथरानं उतरवल्या. कमानींच्या आणि कोपऱ्यांच्या विटांवर खुणा, बाकीच्या थरवार रचून. मी, माझे जुने दोन जोडीदार आणि अक्कानं गोळा केलेल्या सात बायका. रस्त्यानं जाणारी माणसं गाड्या थांबवायची. एकानं ढाबा कधी सुरू होणार म्हणून विचारलं. अक्का म्हणाली, “पावणं, सुरू झालाच हाय, बसा की.” आणि त्याला खरोखर पिठलं-भाकरी वाढली. तो साताऱ्याचा माणूस, जेवून झाल्यावर तासभर विटा वाहून गेला. रस्त्याचे एक साहेब मुदतीची आठवण करून द्यायला आले होते. त्यांनाही चहा दिला आणि ओळंबा धरायला दिला. मुदतीचं बोलणं त्यांनी ओळंबा धरूनच केलं, त्यामुळं ते फारसं कडक झालं नाही.

मार्चमध्ये मागच्या भिंतीचा गाभा उघडला तेव्हा काम एक दिवस थांबलं. त्या विटांच्या पोटाला चार-चार बोटांच्या खोबण्या होत्या. चुन्यानं घट्ट धरावं म्हणून ओल्या विटेवर बोटं ओढायची, ही जुनी रीत. पण ती बोटं बारीक होती. बाईची. माझ्या आजीची असणार, कारण भट्टीवर दुसरी बाई नव्हती, असं वडील सांगायचे. आजी मी बघितलेली नाही. तिचा फोटो नाही, कागदावर कुठं नावही नाही. मी त्यातली एक वीट हातात घेऊन खाली बसलो. हिराक्का ताकाचा तांब्या घेऊन आली होती. तिनं विचारलं, मी सांगितलं. तिनं तांब्या ठेवला, वीट घेतली आणि आपली चार बोटं त्या खोबण्यांत घातली. तंतोतंत बसली.

मग म्हणाली, “ह्या घराला तिचा हात लागलाय, बाबासो. आनि तिला आमी कदी आत घेतली न्हाय.”

मी म्हणालो, “ती आतच हाय की, अक्का. भिंतीत.”

अक्का रडली नाही, तुला माहीतच आहे तिचं. खाली वाकून तिनं माझ्यापुढं तांब्या केला आणि म्हणाली की भिंत परत उभी राहिली पाहिजे, एक वीट कमी नको. संध्याकाळी तिनं सगळ्यांना शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या आणि पहिलं ताट मला माजघरात, तुझ्या वडलांच्या पाटावर मांडून दिलं. मी त्या पाटावर बसलो. खोटं कशाला सांगू, पोळी चांगली झाली होती. त्या विटा मी होत्या तशाच आत घातल्या, बोटं चुन्यात. कुणाला दाखवायच्या म्हणून तिनं त्या पाडल्या नव्हत्या.

खरी फजिती पुढंच होती. जुन्या विटेला जुनाच चुना लागतो, आणि चुना मळायला घाणी. घाणीचं दगडी चाक उकिरड्याजवळ सापडलं, पण चाक ओढायला बैल पाहिजे. कागलपासून चार गावं फिरलो. ट्रॅक्टर शंभर, बैल एक नाही. असले तरी कुणी द्यायला तयार नाही, कारण ते शर्यतीचे, त्यांना रोज अंडी घालून दूध पाजतात, ते चुना कशाला ओढतील? शेवटी केरबाच्या व्याह्यांकडं गारगोटीच्या पुढं एक म्हातारा बैल निघाला. तो टेम्पोत उभा राहून आला, वाटेत दोन ठिकाणी उतरून पाणी प्यायला आणि मळ्यात आल्यावर घाणीकडं न जाता सरळ अक्काच्या मेथीच्या वाफ्यात शिरला. बैलांच्या गोठ्यासाठी बैल भाड्यानं आणायची वेळ यावी, यावर निशा दोन दिवस हसत होती. पण त्यानं काम केलं. चाक फिरायला लागलं, चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी पडलं, तो वास सुटला, आणि मी चाळीस वर्षांनी लहान झालो.

पाया घराच्या मागं परड्यात धरला. निशाचं म्हणणं होतं की आणखी दहा फूट मागं घेतला तर ट्रॅक्टर वळवायला सोपं जाईल. मी आधी हो म्हणालो. तसा नकाशाही तिनं काढला. आणि ऑगस्टमध्ये, पायाचा दगड बसायच्या आदल्या दिवशी, मी तो नकाशा बदलला. गोठा दहा फूट पुढं ओढला. पुढच्या अंगणात सोप्याच्या पायरीपासून गोठ्याच्या दारापर्यंत बावीस पावलं होती, तितकीच मागच्या दारापासून मोजली. पुढं चार पायऱ्या होत्या, मागं दोन वेड्यावाकड्या. त्या उपसून एकसारख्या चार केल्या. गोठ्याचं दार डाव्या कोपऱ्यात होतं, ते तिथंच. आणि विकत आणलेल्या विटांची मागच्या पायरीपासून गोठ्यापर्यंत, तिथून विहिरीच्या कठड्यापर्यंत कमरेएवढी भिंत घातली. निशानं विचारलं की ही भिंत अडवते कशाला? शेळीसुद्धा उडी मारून जाईल. मी तिला म्हणालो, असू दे. माझ्या पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा माझं बांधकाम चुकलं असं मला तोंडावर सांगितलं. मी ऐकून घेतलं.

दिवाळीत कमानी पुऱ्या झाल्या. केरबानं छपराच्या कैच्या चढवल्या तेव्हा एकही वासा तासावा लागला नाही. संक्रांतीला शेवटचं कौल बसलं. आता तो गोठा घराच्या मागं असा उभा आहे की नवा माणूस म्हणतो, हा पहिल्यापासून इथंच असणार. चौथी कमान आपली होती ना, तिच्यात एका विटेचा कोपरा मी उतरवताना फोडला. मोठी जखम नाही, पण तुला कळवतो, कारण बाकीचं सगळं शाबूत आहे. आणि त्यात बैल नाही असं समजू नकोस. तो गारगोटीचा म्हातारा परत टेम्पोत चढायला तयारच झाला नाही. केरबाच्या व्याह्यांनी तो अक्काला देऊन टाकला. मेथी त्याला आता रोज हातानं मिळते.

आता ऑगस्टचं सांगतो. तुझं अक्षर मला पहिल्यापासून ठाऊक आहे. गव्हाणीवर कोळशानं माझ्या शेजारी तूच गिरवायचास. तुझा ‘श’ नेहमी पोट धरून बसल्यासारखा. धारवाडला गेल्यावर वर्षभरात तुझी पत्रं सुबक, सरळ ओळींत यायला लागली. म्हटलं, काचबिंदूचं ऑपरेशन बरंच मानवलेलं दिसतंय. तू तसंच लिहिलं होतंस, झकास झालं म्हणून. मी विश्वास ठेवला, म्हणजे ठेवायचा ठरवला. ऑगस्टमध्ये मी निशाच्या ऑफिसातून तुमच्याकडं फोन लावला, पाया कुठं धरायचा ते तुझ्या तोंडून ऐकावं म्हणून. सहा महिन्यांचा अबोला मोडायची तयारी केली होती. तू झोपला होतास, फोन दानेश्वरीनं घेतला. मी सहज म्हणालो की पोरी, तुझ्या बापाचं अक्षर म्हातारपणी सुधारलं. मग तिनं सगळं सांगून टाकलं. ऑपरेशन लागू पडलं नाही. चार वर्षं झाली तुला काही दिसत नाही, पत्रं तू सांगतोस आणि ती लिहिते. दारापासून फाटकापर्यंत एकोणीस पावलं मोजून तू एकटा जाऊन येतोस. आणि मळ्यावर चल म्हटलं की म्हणतोस, ज्या घरात मी डोळे मिटून पळायचो, तिथं मला कुणी हाताला धरून फिरवलेलं नको. फोन ठेवल्यावर मी तुझी ती चार ओळींची चिठ्ठी परत काढून वाचली. बघायचं काही राहिलेलं नाही. मी गाढव, शिवशरण. सहा महिने मी त्या वाक्यावर रागावलो होतो.

दानेश्वरी, तू हे मोठ्यानं वाचत असशील तर इथं थांबू नकोस, वाचत राहा. त्याला चिडू दे. शिवशरण, मी हे पत्र तुला विचारायला लिहिलेलं नाही, सांगायला लिहिलंय. येत्या सत्तावीस तारखेला, शुक्रवारी, निशा सकाळी सहाला जीप घेऊन इथून निघेल. दहापर्यंत तुझ्या दारात असेल. अक्कानं माजघराशेजारची खोली सारवून ठेवलीय आणि ती आत्तापासून माझ्यावर ओरडतेय की तो येणार म्हणजे त्याला लागणारा तंबाखू तू आणायचास. मागच्या दाराच्या चार पायऱ्या उतरलास की डाव्या हाताला भिंत लागेल, तिच्यावर हात ठेव, बावीस पावलं चाल, गोठ्याचं दार येईल. तिथून भिंत न सोडता गेलास की विहीर. मी स्वतः डोळ्यांवर फडकं बांधून ही वाट सात वेळा चाललोय. पहिल्यांदा धडपडलो, मग ज्या पायरीनं पाडलं ती काढून परत बसवली. आता पडत नाही. कुणी तुझा हात धरणार नाही. मीसुद्धा नाही, फार तर शेजारून चालेन, तेही तू गप्पा मारणार असशील तर. सासष्ट वर्षांचा झालो, दुसऱ्या कुणाबरोबर मला इतकं बोलता येत नाही. कपडे थोडेच घे. काठी धारवाडातच ठेव.

तुझाच,
बाबासो